स्थळांची फाईल

आमच्या घराण्यात लग्नं जुळवायचं खातं माझ्याकडे आहे. एक निळी प्लास्टिकची फाईल आहे, त्यात बायोडेटा, पत्रिका, फोटो, आणि आत्तापर्यंत अकरा लग्नं लावलीत मी (त्यातलं एक मोडलं, पण ते परत कधीतरी). तर ताईच्या मुलासाठीही चार स्थळं आणली होती. मुलगा इंजिनीअर, पुण्यात नोकरी, वडिलांची तासगावकडे द्राक्षबाग, सुपारीचं पण व्यसन नाही, कोण नको म्हणणार? तर हाच म्हणायचा. एकीची उंची, एकीची नोकरी, मग "सध्या प्रोजेक्ट आहे मावशी".

2018 च्या संक्रांतीला सांगलीला आला होता, माझ्या किचनमध्ये बसून मटार सोलत होता, मी चिडून म्हटलं अरे तुला पाहिजे तरी काय, अप्सरा आणू का? मान वर न करता म्हणाला, मावशी मी गे आहे, मला मुलं आवडतात. आणि सोलतच राहिला. दाणे टरफलांच्या ढिगात आणि टरफलं पातेल्यात पडत होती, त्याला पत्ताच नव्हता.

मी काय बोलले असेन? खोटं कशाला सांगू, "लग्न झालं की होतं सगळं नीट" असंच बोलले. आपल्याकडे दारूड्याला, बेकाराला, वेडसराला सगळ्यांना हेच औषध. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग तुझी पोरगी देशील का माझ्यासारख्याला?"

गप्पच झाले मी.

चौथ्या स्थळाची मुलगी आठवली मला, बीएड झालेली, कांदेपोह्याच्या वेळी त्याच्याशी चांगली अर्धा तास बोलली होती, आणि तिला तो आवडला होता, नंतर तिच्या आईचे दोन फोन आले होते मला. याने भिऊन हो म्हटलं असतं तर? ती पोरगी आयुष्यभर आपल्यातच काय कमी आहे ते शोधत बसली असती आणि मी आहेर घेऊन मोकळी. मला तर वाटतं बाकी काही समजून घ्यायचं तेव्हा घ्या, पण बळजबरीने बोहल्यावर चढवणं तेवढं आधी थांबवा.

घरी कळल्यावर जे व्हायचं ते झालं, ताई रडली, भाऊजींनी बोलणं टाकलं, मग एका मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. कशाच्या? तो दोन महिने नुसता झोपून असायचा. हा आजार नाही म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1990 लाच यादीतून काढलाय हे मला नंतर वाचून कळलं, त्या डॉक्टरांना तर माहीत असायला हवं होतं ना? 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननेही सांगितलं की असलं "बरं करणं" म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन. आमचे दोन महिने गेलेच.

2018 मध्येच, 6 सप्टेंबरला, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाचा निकाल लागला, आता तो गुन्हा नाही म्हणून. मी उत्साहाने फोन केला, म्हटलं झालं ना आता सगळं? तर म्हणे, मावशी, आता पोलीस पकडणार नाहीत, बाबा बोलणार आहेत का? आणि लग्नाचं तर 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने नाहीच म्हटलं. त्याच्याबरोबर जो मुलगा राहतो तो घरमालकाच्या लेखी अजून "रूममेट" आहे.

आमच्या सोसायटीतले एक काका म्हणतात ही इंटरनेटची, फॉरेनची फॅडं. काका, र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक शिक्षणावरच्या मासिकाला 1930 च्या दशकात आपलेच मराठी वाचक समसंभोगाबद्दल प्रश्न विचारत होते, कर्वे उत्तरं छापत होते, त्यावरून 1934 मध्ये खटला भरला आणि कोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा कुठलं इंटरनेट होतं? (काका यावर वॉकला निघून गेले.)

मी काही फार सुधारले असं नाही हं. भाच्याच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा पहिला प्रश्न काय विचारला तर स्वयंपाक कोण करतं. दोघंही हसले. तो दुसरा करतो, भाकरी बरी थापतो पण आमटीत गूळ जास्त घालतो, आणि सांगितलं की रुसतो.

भाऊजी सहा वर्षं पुण्याला गेले नाहीत. दरवर्षी दिवाळीला घरचे बेदाणे मात्र पाठवायचे, किलोचा एक बॉक्स, तोही ताईच्या नावाने. 2024 ला मी निघाले होते तर गाडीत दोन बॉक्स ठेवले. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. "ते दोघं आहेत ना," एवढंच म्हणाले आणि लगेच छाटणीनंतर पडलेल्या पावसाचं, वेलींवर डाउनी रोग आलाय, फवारणीला किती गेले ते सांगायला लागले, आणि मी पण मग फवारणीचंच विचारत राहिले.