तुम्ही विचारलंत म्हणून: फेब्रुवारीत मरळ, तीही भरदुपारी?

गळ घेऊन निघालो की भुसावळकडची मंडळी हमखास एकच विचारतात, अजून थंडी सरली नाही, पाणी नितळ, जेमतेम गुडघाभर, त्यात मरळ लागते तरी का, आणि सगळे पहाटे जातात तर तू बाराला का जातोस? परवा हतनूर धरणाच्या वाटेवर हरभऱ्याच्या शेतातून एका बाबांनी पण हाक दिली, "एवढा उनमा कथा चालना भाऊ?" (एवढ्या उन्हात कुठे चाललास?) म्हटलं आता नीट लिहूनच टाकू.

लागते. मासा थंड रक्ताचा, पाणी गार असलं की अंगात सुस्ती, भूक मंद, म्हणून पहाटे तुम्ही कितीही गळ टाका ती ढिम्म हलत नाही. दुपारी मात्र उथळ काठाचा काळा गाळ तापतो आणि बारकी मासळी उबेला येते, तिच्यामागे मरळ. हतनूरला तर पूर्णा नि तापीने एवढा गाळ आणून टाकलाय की फुगवट्याचे मोठमोठे पट्टे उथळच झालेत. तिकडे अमेरिकेत लार्जमाउथ बास नावाचा मासा पण हिवाळा संपताना खोल पाण्यातून अशाच काठाकडे सरकतो, पण तो विणीच्या ओढीने, आपली मरळ विणते मुख्यतः पावसाळ्यात.

आता खरी गंमत. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला वर यावंच लागतं. मागच्या रविवारी मी बाभळीच्या सावलीत बसलेलो, वारा अजिबात नाही, आणि समोर दहा हातांवर पाणवनस्पतीच्या कडेला आधी दोन बुडबुडे, मग ते चपटं सापासारखं डोकं अलगद वर, पुक् असा बारीक आवाज, की गेली खाली. गोल लाटा विरेपर्यंत मी हाललो नाही. ती लांब जात नाही हो, तिथेच असते.

आणि नितळ पाण्यात जसं आपल्याला ती दिसते तसे आपण तिला दिसतो, हे लोक विसरतात. माशाला वरचं सगळं जग साधारण 97 अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं, काठावर ताठ उभा माणूस त्यात स्पष्ट येतो, खाली बसलेला पार कडेला दबून जातो. मी पहिली 2 वर्षं उभा राहून, पांढरा शर्ट घालून सगळी मासळी उधळवली. आता मातकट कपडे, उकिडवं बसायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, तंगूस (गळाची दोरी) बारीक, आणि आमिषाचा रबरी बेडूक तिच्या डोक्यात न टाकता हातभर पुढे टाकून इतका हळू ओढायचा की आपल्यालाच कंटाळा यावा.

धरणाचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असेल तर त्यांना विचारूनच बसा. आणि पावसाळ्यात काठाला तांबूस पिल्लांचा घोळका तरंगताना दिसला तर तिथे गळ टाकू नका प्लीज, आईबाप खालीच राखणीला असतात, ते उचलले की बाकीचे मासे तो घोळका बघता बघता फस्त करतात.