एका फिकट रेषेवरून

परळच्या आमच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, ती पाच महिन्यांची गरोदर मुलगी आली, तेव्हा नवऱ्याने आणि सासूने तिचा निकाल आधीच लावून टाकला होता. हातात एका खासगी लॅबचा कागद : एचआयव्ही पॉझिटिव्ह. तोही एकाच रॅपिड टेस्टवर. ना समुपदेशन, ना संमती. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दोन्ही बंधनकारक असताना! सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, एकदा पक्कं करून द्या, मग हिला माहेरी पोचवतो."

त्यांना बाहेर बसवून मी ताजं रक्त घेतलं. पहिल्या किटवर कंट्रोलची, म्हणजे किट नीट चाललंय हे सांगणारी, रेषा ठसठशीत उमटली आणि शेजारी एक फिकट गुलाबी छटा. कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं तरच दिसेल अशी. वेळ उलटल्यावर कार्ड वाचलं तर खोटी सावली येऊ शकते, म्हणून मी टायमर लावूनच वाचते. रेषा वेळेतच आली होती. रिॲक्टिव्ह लिहिलं, म्हणजे संशयित; पॉझिटिव्ह नव्हे.

पहिलं किट मुद्दाम तसंच निवडलेलं असतं, एकही बाधित निसटू नये म्हणून. त्यात काही निरोगी माणसंही अडकतात. समजा, किट शंभरातल्या साडेनव्याण्णव निरोगी माणसांना बरोबर ओळखतं. आपल्या देशात प्रौढांमध्ये लागण साधारण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोघांना. ते दोघे सापडतील, पण उरलेल्या ९९८ मधले पाचेक जणही रिॲक्टिव्ह येतील. सातातले पाच खोटे! एका टेस्टवर 'पॉझिटिव्ह' छापणाऱ्याने हा हिशेब करायला नको?

म्हणून पुढची दोन किटं वेगळ्या अँटिजेनची, म्हणजे विषाणूचे वेगळे अंश वापरणारी. दुसरं कंट्रोलची रेषा सोडली तर कोरं. तिसऱ्याची वेळ भरेपर्यंत मी खुर्चीत टेकलेसुद्धा नाही. तेही कोरं.

समुपदेशक ताईंनी तिला एकटीलाच आत घेतलं. रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर किटला जी सापडते ती शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली अँटिबॉडी दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून पुन्हा तपासू, असं समजावलं. तिने एवढंच विचारलं, "हे तुम्ही यांना सांगाल का?" तिच्या परवानगीने ताईंनी नवऱ्याला आत बोलावलं. त्याचीही चाचणी केली, तीही निगेटिव्ह.

नंतरच्या तपासणीत तिचं पहिलं किटही कोरं आलं. तिला विचारूनच मी त्या लॅबला फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "डॉक्टरांनी एकच टेस्ट लिहिली होती, मॅडम." मी म्हटलं, "मग पॉझिटिव्ह लिहू नका, आमच्याकडे पाठवा." आमच्या केंद्राचा पत्ता त्याला दोनदा लिहून घ्यायला लावला.