अंतराळातला हुर्राक

एप्रिलची दुपार आणि लाइट गेलेली. गोव्यात हुर्राकाला, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूला, एवढं कारण पुरतं. ग्लासात हुर्राक, वर लिंबाचा सोडा, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. चमच्याने ढवळलेलं मला चालत नाही, ही माझी जुनी खोड. ढवळायचं काम बुडबुड्यांचं. ते तळातून सुटतात, मिरचीला अडतात, तिला जरा हलवतात आणि वर जाऊन फुटतात. तेवढ्यात मिसळायचं ते मिसळतं.

समोर भाचा मोबाइल बघत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मामा, अंतराळात तुझे बुडबुडे वर आलेच नसते."

"मग गेले असते कुठे?"

"कुठेच नाही. जिथल्या तिथे."

आता एवढं ऐकल्यावर माणसाने सुखाने प्यावं कसं? पण पोरगा खरं बोलत होता. पाणी जड म्हणून खाली ओढलं जातं आणि हवेला वर ढकलतं. ओढणारंच कोणी नसेल तर बुडबुडा बापडा बसल्या जागी फुगणार. बियरवर फेस धरणार नाही. बरं, हे ग्लासापुरतं असतं तर चाललं असतं. पोटातही तीच गत. आपल्या पोटात द्रव खाली बसतो, वायू वर येतो आणि ढेकर कोरडा निघतो. अंतराळवीराच्या पोटात दोन्ही एकमेकांत कालवलेलं राहतं, त्यामुळे ढेकर द्यायला जावं तर त्याच्याबरोबर बाकीचंही तोंडात येतं. ओला ढेकर म्हणतात त्याला.

हे कळल्यावर मला आजोबा आठवले. सत्तरी तालुक्यातल्या आजोळी जेवण झालं की ते सोप्यावर येऊन असा ढेकर देत की कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, गड्याला वेळ कळे. त्यांना कोणी अंतराळात नेलं असतं तर पहिल्याच जेवणानंतर ते परत फिरले असते.

लोक मात्र हटलेले नाहीत. ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या मॅनलीतल्या फोर पाइन्स या बियरवाल्यांनी एका अंतराळ कंपनीला हाताशी धरून व्होस्टॉक नावाची खास बियर काढली. गॅस कमी आणि चव दणकट. कमी गॅस ढेकरासाठी. दणकट चव अशासाठी की वर गेलं की अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, नाक चोंदतं आणि जिभेला कशाची चव धड लागत नाही. विमानाने उंच जाऊन एकदम खाली झेप घ्यायची, त्या काही सेकंदांत माणूस तरंगतो, तेवढ्यात घोट घ्यायचा, अशी त्यांनी चाचणीही केली. आमच्या इथे म्हापशाच्या बाजारातल्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, रात्री दहानंतर हीच चाचणी जमिनीवर चालते.

पिण्याचं झालं. आंबवायचं काय? तिथे मला वाटलं होतं, सगळं फसणार. बियर करणारे यीस्टच्या दोन जाती सांगतात, एक काम करता करता वर येणारी, एक तळाला बसणारी. जिथे वरही नाही आणि तळही नाही तिथे दोघींनी जायचं कुठे? पण १९९४ साली अमेरिकेच्या एका अंतराळयानातून कोलोरॅडो विद्यापीठातल्या कर्स्टन स्टेरेट या विद्यार्थिनीचा प्रयोग वर गेला, एका बियर कंपनीच्या पैशांवर. परत आलेल्या नमुन्यात यीस्टच्या पेशी कमी भरल्या, तरी आंबायचं काम साधारण जमिनीवरच्याएवढंच झालं होतं. चाखायला उरली जेमतेम एक मिलिलिटर. ती तिने चाखली आणि काही खास लागली नाही म्हणे. मला ही बाई फार आवडली. एवढा खटाटोप केल्यावर आपणही तेच केलं असतं.

म्हणजे यीस्टला तक्रार नाही. आपली फेणी मात्र तिथे होणं कठीण, याची माझी मी खात्री करून घेतली आणि उगाचच बरं वाटलं.

कारण फेणीचा सगळा कारभारच खाली पडण्यावर चालतो. फेणीचा बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडायचा नसतो. पिकून आपोआप पडला की वेचायचा. आजोळी मार्च महिन्यात आम्ही पोरं सकाळी उठून डोंगरावर जायचो. बोंडू पिरगळून बी वेगळी करायची, ती टोपलीत टाकायची आणि बोंडू डब्यात. शर्टावर रस उडाला की तो डाग शर्ट फाटेपर्यंत सोबत. मग कातळात खोदलेल्या कुंडीत गडी पायांनी बोंडू मळत. रस पन्हळीतून खालच्या मडक्यात. उरलेल्या चोथ्याचा ढीग रानवेलीने गच्च आवळून त्यावर मोठा धोंडा ठेवत, आणि त्यातून जो थेंब थेंब गळे तो नीरो. त्याच्याभोवती गांधीलमाश्या घोंगावत असायच्या आणि आम्हीही. पेला धरून बसायचं. पहिला घोट गोड, दुसऱ्याला घसा धरायचा, तिसऱ्याला कोणीतरी मोठं माणूस येऊन पाठीत धपाटा घालायचं. सकाळचा नीरो दुपारी चारला जिभेवर किंचित चुरचुरायला लागे. तो जास्त चांगला, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

रात्री भट्टी पेटायची. खाली भाण, म्हणजे तांब्याचं मोठं भांडं, त्यात आंबलेला रस, वाफ बाजूच्या लवणीत, म्हणजे ती गार होऊन दारू जमायच्या मडक्यात, जायची आणि मामा नारळाच्या करवंटीने लवणीवर गार पाणी ओतत बसायचा. आधी हुर्राक, तो पुन्हा चढवला की फेणी. आजी दारूच्या नावाने बोटं मोडायची, पण देवघराच्या मागच्या फळीवर तिची स्वतःची एक बाटली असे. पोटात दुखलं, सर्दी झाली, पाय मुरगळला, सगळ्याला तीच.

तर वजन नसलेल्या जागी तापवलेल्या द्रवात बुडबुडे तळ सोडत नाहीत, एकमेकांत मिसळून एक मोठा बुडबुडा होतो आणि तो तापलेल्या जागेलाच चिकटून राहतो. असलं भाण मामाने कधीच लाथाडलं असतं.

बियरवाल्यांचं एक बरं आहे, त्यांची सुरुवात मोड आणण्यापासून होते. जवाला मोड आले की त्याचा माल्ट. जपानच्या साप्पोरो कंपनीने २००६ साली पाच महिने अंतराळ स्थानकावर राहून आलेल्या जवाच्या वंशातून बियर काढली आणि २००९ मध्ये सहा बाटल्यांचा खोका दहा हजार येनला विकला. चवीत काही फरक नव्हता. आपले शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये स्थानकावर गेले तेव्हा त्यांच्याकडे मूग आणि मेथीला मोड आणायचा प्रयोग होता. सोबत गाजराचा हलवा आणि आमरस. त्यांनी मूग भिजवले याचं मला फार कौतुक वाटलं. माणूस कुठेही गेला तरी रात्री कडधान्य भिजत घालायचं विसरत नाही.

प्यायचं म्हणाल तर चंद्रावर ते पूर्वीच झालंय. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनने यानाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी प्रभूभोजनाची, म्हणजे ख्रिस्ती विधीतली, थोडी वाइन घेतली. पेल्यात ओतताना ती सावकाश वळून कडेने वर चढली, असं त्याने लिहून ठेवलंय. माणसाला चढण्याआधी पेल्याला चढली. आमच्या गावच्या पाद्रीबाबांना हे सांगितलं तर ते नुसते हसले आणि विषय पावसावर नेला.

आणि हे सगळं राहू दे बाजूला, लव्हजॉय नावाचा एक धूमकेतू २०१५ च्या जानेवारीत सूर्याजवळून गेला. ऐन भरात असताना तो सेकंदाला निदान ५०० बाटल्या वाइनमध्ये मावेल इतकं अल्कोहोल सोडत होता. ना भाण, ना लवणी, ना अबकारी खात्याचा परवाना. भाच्याला विचारलं, याची पावणी कोणी घेतली असेल रे? त्याला पावणी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मग काजूचे डोंगर दर वर्षी लिलावात कसे जातात, कोण कोणावर बोली चढवतो, त्यावरून आजोळी दोन घरं किती वर्षं बोलत नव्हती, ते सगळं सांगत बसलो.

यंदा आमच्या डोंगराच्या पावणीला फारसं कोणी फिरकलंच नाही. वेचायला माणूस मिळत नाही आणि मळायला तर नाहीच. काजूला भाव आहे म्हणून बिया तेवढ्या नेतात, बोंडू झाडाखालीच सोडून देतात. मामेभावाने गेल्या पावसाळ्याआधी भाण विकून टाकलं. तांब्याला भाव चांगला आला म्हणाला.