कालच्या गजऱ्याचा वास

“खड्डे सांभाळून हो,” असं मी ड्रायव्हरदादांना दर दहा मिनिटांनी बजावत होते. मागच्या सीटवर लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या होत्या आणि प्रत्येकीत मक्याचं एकेक रोप. २०१९ चा ऑगस्ट, शनिवार. सिल्लोड तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराकडच्या एका गावात शेतीशाळा होती.

मी पीक संरक्षणाचं काम करते. त्या हंगामात मक्यानं आमची झोप उडवली होती. मूळची अमेरिका खंडातली लष्करी अळी २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याच्या बाजूला पहिल्यांदा सापडली, त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली, आणि २०१९ च्या खरिपात तर रोज सकाळी सातपासून फोन सुरू व्हायचे. डोक्यावर उलट्या वायची खूण, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके, हे लोकांना एव्हाना पाठ झालं होतं. ओळखून करायचं काय, हा प्रश्न होता. अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत शिरते, वर विष्ठेचा भुसा साचतो आणि फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. माणसं दुकानातून दोन-तीन औषधं एकत्र करून आणत, आठवड्यात दोनदा पंप पाठीवर घेत, आणि अळी असायची तिथंच.

मला त्या दिवशी एकच गोष्ट दाखवायची होती. अळीनं खाल्लेला मका हवेत एक वेगळा वास सोडतो आणि त्या वासाच्या मागावर अळीचा काळ असलेली माशी येते. हे मी कॉलेजात शिकले होते, कितीतरी सभांमध्ये सांगितलंही होतं. सांगितलं की माना डोलतात आणि संध्याकाळी परत पंप भरला जातो. तो वास एकदा माणसाच्या नाकाला लागला पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

तयारी आदल्या संध्याकाळची. चहाच्या कागदी कपात वाढवलेली पंधरा दिवसांची तीन रोपं घेतली. मातीचा वास मध्ये यायला नको म्हणून कपांना फॉइल गुंडाळला. पहिलं रोप जसंच्या तसं ठेवलं. दुसऱ्याची पानं ब्लेडनं खरवडली, कडा कात्रीनं कातरल्या. तिसऱ्यावर सहा लहान अळ्या सोडल्या. त्या रात्रभर खात होत्या. सकाळी सहाला अळ्या काढून घेतल्या आणि विष्ठेचा कण न् कण ब्रशनं झाडला, नाहीतर कुणीही म्हणालं असतं की वास अळीच्या घाणीचा आहे, झाडाचा नाही. बरण्यांची तोंडं फॉइलनं बंद केली आणि प्रवासात रोपं तापू नयेत म्हणून वरून ओलं पोतं टाकलं.

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात पंचवीसेक माणसं जमली होती. साडेदहाला पोतं काढलं आणि पहिल्या दोघांच्या हातात बरण्या दिल्या. त्यांनी फॉइल उचलून वास घेतला, एकमेकांकडे पाहिलं.

“मॅडम, तिन्ही सारख्याच हायेत की.”

मी स्वतः वास घेतला. पहिलीत काही नाही. दुसरीत कच्च्या पानाचा पुसट वास. तिसरीतही जवळजवळ तेवढाच. परत घेतला, तरी तेच. मला दरदरून घाम फुटला. कुणीतरी “चहा सांगा रे” म्हणालं आणि अर्धी माणसं उठली.

बरणी हातात धरून बसले असताना पायाशी पडलेल्या पोत्याकडे लक्ष गेलं. साडेतीन-चार तास ही रोपं अंधारात होती! हा वास झाड उजेडात बनवतं. पान उजेडात कर्ब घेऊन साखर करतं, आणि त्याच ताज्या कर्बातून वासाच्या द्रव्यांचा मोठा भाग तयार होतो. अंधार झाला की तो जवळजवळ थांबतो. अळीच्या मागावरच्या या माशाही दिवसाच उडतात. हे सगळं मला माहीत होतं, आणि मीच रोपांवर पोतं टाकलं होतं.

बरण्या उचलून देवळाच्या ओट्यावर, उघड्या आभाळाखाली ठेवल्या. ढगाळ होतं, पण उजेड चांगला होता. “तासभर द्या मला,” म्हटलं. बसलेल्या बायांना तोवर मक्याचं ताजं पान कातरून नाकाशी धरायला दिलं. “विळ्यानं गवत कापताना येतो त्योच वास,” एकजण म्हणाली. बरोबर होतं. पान फाटलं की तो क्षणात सुटतो, मग ते गाईनं फाडलेलं असो, गारपिटीनं किंवा कात्रीनं, आणि काही मिनिटांत विरूनही जातो. मला दाखवायचा होता तो वास याच्या नंतरचा. त्याला काही तास लागतात, आणि त्याला अळीची लाळ लागते.

फ्लोरिडात गेन्सव्हिलच्या प्रयोगशाळेत टर्लिंग्ज, टमलिन्सन आणि लुईस या तिघांनी १९९० मध्ये हे मक्यावरच दाखवलं. नुसत्या ब्लेडच्या जखमेनं रोपानं तो वास फारसा सोडला नाही. त्याच जखमेवर अळीच्या तोंडातली लाळ लावली, तेव्हा काही तासांनी तो भरपूर सुटला. लाळेतलं नेमकं द्रव्य १९९७ मध्ये हाती लागलं, त्याला व्होलिसिटिन म्हणतात. म्हणजे आपल्याला कात्री लागली की अळी, हे झाडाला कळतं. अळीनं एक पान खाल्लं तर त्याच रोपाची न खाल्लेली पानंही तो वास सोडायला लागतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

पाऊण-एक तास गेला असेल. एक काकू मारुतीला तेल घालायला आल्या. त्या शेतीशाळेला आल्याच नव्हत्या. ओट्यावर बरण्या पाहून थांबल्या. “हे काय मांडलंय?” मी म्हटलं, “काकू, नुसता वास घेऊन सांगा, काय वाटतं ते.” कुठल्या बरणीत काय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि पहिली बरणी नाकाशी धरली. काहीच बोलल्या नाहीत. दुसरी घेतली, ठेवली. तिसरी घेतली आणि डोळे मिटले. परत पहिलीकडे गेल्या, परत तिसरी उचलली.

“हिच्यात गजरा ठेवला व्हता का गं?”

“कसला गजरा?”

“मोगऱ्याचा. ताजा नाही, कालचा. रातभर उशाशी राहिल्यावर येतो बघ, तसा.”

माझ्या अंगावर काटा आला. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. फुलाच्या गोड वासाखाली जो थोडा जड, शिळा पदर असतो, त्यात त्याचा वाटा मोठा. अळीनं खाल्लेला मका इंडोल सोडतो. त्याच्या जोडीला लिनालूल सोडतो, जे धन्यात असतं आणि कितीतरी फुलांत असतं. मी त्या गावात तोवर मोगऱ्याचा शब्दही काढला नव्हता. बरणी काकूंच्या हातातून घेतली आणि नाक खुपसलं. होता. अगदी पुसट, पण होता. काकूंनी नाव दिल्यावर मलाही तो सापडला.

मग सगळ्यांनीच वास घेतला. काहींना आला, काहींना आल्यासारखा वाटला, तिघा-चौघांना काहीच कळलं नाही. तंबाखू खाणाऱ्यांना कमी कळला असं मला वाटलं, पण त्याला माझ्याकडे पुरावा नाही. काकूंचा मुलगा तिथंच होता, तिशीतला. तो म्हणाला, “मॅडम, बरणीच आधी अत्तराची असंल तर?” मला त्याचं फार बरं वाटलं. बरण्या एकाच दुकानातल्या, एकाच दिवशी धुतलेल्या होत्या, पण तोंडी सांगण्यापेक्षा करून पाहावं म्हटलं. त्यानंच तिन्ही बरण्या कोरड्या फडक्यानं पुसल्या, रोपांची अदलाबदल केली आणि आईला पाठमोरं बसवलं. वीसेक मिनिटं थांबून बरण्या पुढे ठेवल्या. काकूंनी पहिलीवर बोट ठेवलं. “गजरा आता हिच्यात आलाय.” अळीचं रोप तिथंच होतं.

“म्हंजे झाड हाका मारतं?” मागून एकानं विचारलं.

या शब्दाशी मी नेहमी अडखळते. झाडं बोलतात असं म्हटलं की ऐकणाऱ्याला गंमत वाटते आणि खरी गोष्ट बाजूला राहते. जखमी झाडातून वास सुटतो. तो कुणाकुणाच्या उपयोगाचा आहे आणि ज्याच्या उपयोगाचा आहे तो तो वाचायला शिकलेला आहे, इतकं आपण खात्रीनं म्हणू शकतो. शेजारच्या झाडालाही तो पोचतो. १९८३ मध्ये बाल्डविन आणि शुल्ट्झ यांनी पॉपलर आणि मेपलच्या रोपांवर तसं मांडलं तेव्हा शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षं वाद झाले. मक्याबद्दल मात्र २००४ मध्ये चांगला प्रयोग झाला. कापलेल्या पानाचा वास आधी मिळालेली रोपं पुढे जखम करून अळीची लाळ लावल्यावर जास्त जोरात प्रतिकार करत होती. आधीपासून लढत बसत नव्हती, कंबर कसून तयार होती.

मी हे जमेल तसं सांगत होते, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “त्यात काय! फोडणी आपुन आपल्या घरात देतो, ठसका शेजारणीला लागतो.”

इतक्या वर्षांत मला याहून नेमकं सांगता आलेलं नाही.

दुपारी ऊन पडल्यावर आम्ही काकूंच्या शेतात गेलो. त्यांचे मक्याचे दोन तुकडे होते. एक लवकर पेरलेला, तीनदा फवारलेला. दुसरा महिनाभराचा, त्यावर अजून काही मारलेलं नव्हतं, फवारणी दुसऱ्या दिवशी ठरली होती. न फवारलेल्या तुकड्यात मी मुलाला सरीत उकिडवं बसायला लावलं. “हलू नका, नुसतं पोंग्याकडे बघा.”

पहिल्यांदा कोष सापडला. पानाच्या खालच्या बाजूला, तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित जाड, करडा-पांढरा, वर काळपट ठिपके. त्याला चिकटून वाळलेल्या अळीचं चुरगळलेलं कातडं. “ही माशीची करणी,” मी म्हटलं. तिचं शास्त्रीय नाव कॅम्पोलेटिस क्लोरिडी. हरभऱ्यावरच्या घाटेअळीची ती जुनी वैरी, आता नव्या अळीवरही वळली होती. मक्याचा वास तिला ओढतो हे चीनमधल्या संशोधकांनी याच जातीवर तपासलं आहे. ती लहान अळीच्या अंगात अंडं घालते. आतली पिल्लू-अळी यजमान अळीला पोखरते, बाहेर पडून कोष विणते. अळी मोठी होऊन पोंगा पोखरायच्या आतच संपते.

मग माशी दिसली. अर्धा सेंटीमीटरच्या आसपास, काळी, कंबर दोऱ्यासारखी, पाय तांबूस. खाल्लेल्या पानाच्या कडेवर उतरली आणि मिशा पानावर टकटक आपटत पोंग्याकडे चालू लागली. धड पानावर थांबली नाही, थेट कुरतडलेल्या जागेशी गेली. क्षणभर पोट वाकवलं, उडाली. मुलगा श्वास रोखून बघत होता. “हिलाच मी उद्या मारणार व्हतो,” तो हळूच म्हणाला.

फवारलेल्या तुकड्यात आम्ही तितकाच वेळ बसलो. तिथं अळ्या होत्या, माशी दिसली नाही. एका दुपारच्या पाहण्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्याला तिथंच सांगितलं. माशीवर सगळा भार टाकून बसा असंही म्हटलं नाही. ती मोठ्या अळीला काही करू शकत नाही, आणि या अळीचा पतंग इतकी अंडी घालतो की एकट्या माशीला ते झेपत नाही. नव्या तुकड्यात अंड्यांचे पुंजके रोज हातानं चुरडायचे, पोंग्यात वाळू आणि चुना नऊला एक या प्रमाणात टाकायचा, पाच टक्के निंबोळी अर्क मारायचा आणि कोष असलेलं पान तोडायचं नाही. जुन्या तुकड्यात फक्त अळी असलेल्या पोंग्यात, एकच औषध. एवढं ठरलं.

त्या दिवशी वास इतका पुसट का होता, याचं एक कारण पोतं. दुसरं कारण मला पुढच्या वर्षी कळलं. २०२० मध्ये शोधनिबंध आला की लष्करी अळी मक्याला तिच्या इतर भाऊबंद अळ्यांइतका वास सोडूच देत नाही, ती तो दाबते. ते वाचताना मला सारख्या काकू आठवत होत्या. अळीनं दाबून ठेवलेला वास त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवता ठेवता ओळखला होता.

आठवड्यानं परत गेले. नव्या तुकड्यातली काही झाडं गेली होती, बहुतेक उभी होती, कोष आणखी दिसत होते. जुन्यात नुकसान जास्त होतं. तिसरी बरणी मी मुद्दाम काकूंकडे ठेवली होती. ती घराच्या ओट्यावर होती, तोंडाला फडकं बांधलेलं. आत वाळलेलं मक्याचं पान, पानावर कोष, आणि कोषाच्या एका टोकाला गोल भोक.

“माशी निघाली?” मी विचारलं.

“परवा सकाळी निघाली. येणारा-जाणारा बघून गेला.”

“मग सोडली कुठं?”

“मक्यात नेऊन सोडली,” काकू म्हणाल्या. “हितं ओट्यावर तिला कशाचा वास येणार व्हता?”