देवाला नाही म्हटलं तर काय होतं?

रविवारची उपासना संपली की कोण ना कोण गाठतंच, बहुतेक कॉलेजची मुलं, "ताई, देव बोलवायलाय असं वाटतंय पण मला जायचं नाही, नाही म्हटलं तर शिक्षा होईल काय?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी काय पाळक नाही, इथं बेळगावात संडे स्कूल घेते तेवढंच. माझं मत विचाराल तर खुशाल नाही म्हणा, फक्त देवाच्या तोंडावर म्हणा.

सगळ्यांना भीती योनाच्या माशाची, बायबलमधला तो संदेष्टा, देवाचं काम टाळून पळाला आणि माशानं गिळला. अहो नीट वाचा की, योना समुद्रात बुडायला लागलेला, मासा त्याला वाचवायला आला, आणि आत बसून तो देवाचे आभारच मानतोय. त्याचा घोळ वेगळा. निनवेला जा म्हटल्यावर देवाशी एक शब्द बोलला नाही, गुपचूप यापोला गेला, तार्शीशचं भाडं भरलं आणि जहाजात जाऊन झोपला. मोशेचं बघा, देवानं जळत्या झुडपातून त्याला लोकांना सोडवायला जा म्हटलं, तर मी कोण, तुझं नाव काय सांगू, लोक विश्वास ठेवणार नाहीत, माझी जीभ जड, शेवटी तर दुसऱ्या कुणाला तरी पाठव म्हणाला, पण त्या झुडपासमोरून हलला नाही. देवाला राग आला (निर्गम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय), पण त्याच दमात देव सांगतो की तुझा भाऊ अहरोन तुला भेटायला निघालाय, तुझ्यासाठी तो बोलेल.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नवऱ्यानं १८९५ ला बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या वेगळ्या राहिल्या, आणि स्वतः घेतला तो काही वर्षांनी, पटल्यावर. येशूच्या गोष्टीत बाप मळ्यात कामाला जा म्हणतो, तेव्हा 'जातो महाराज' म्हणून न जाणारा मुलगा मला जास्त धोक्याचा वाटतो, प्रार्थनासभेत पटकन हात वर करणाऱ्यांत तसले लय असतात.

आणि बोलावणं म्हणजे आकाशवाणीच पाहिजे असं काय नाही. मिशनरी जोसेफ टेलर १८२० ला बल्लारीहून बेळगावला आले ते इथल्या लष्करी अधिकाऱ्यानं बोलावलं म्हणून. मला तर पास्टरांचा फोन आला, बैलहोंगलकडच्या एका गावात मुलांना शिकवायला जाल काय. माझं कन्नड म्हणजे शनिवार खूटाच्या बाजारातलं, एष्टु री (कितीला हो), कडिमी माडरी (कमी करा), तिथंच संपतंय! स्वयंपाक करता करता देवाला मोठ्यानं सांगितलं, जमणार नाही, माणूस चुकलाय तुझा. भांडण बरेच दिवस चाललं, घरच्यांना वाटलं मी फोनवर बोलायलेय.

मग मंडळीतली एक पोरगी, कन्नड मीडियमला शिकलेली, आपणहून म्हणाली मी येते की. आता मी मराठीत सांगते, ती कन्नडात सांगते, आणि मी लांबण लावली की ती दोन वाक्यात आटपून टाकते, मुलांना तेच बरं वाटतंय.