वेग घेतला की खोली गायब: डेप्थ साउंडरचा माझा अनुभव

नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयात आमच्या बचाव पथकाची फायबरची बोट चालते. पुरात गोदावरीचं पाणी इतकं गढूळ होतं की वीतभर खालचं दिसत नाही. खडक कुठे, गाळाचा उंचवटा कुठे, हे साउंडरच सांगणार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र. आणि आमचा साउंडर वेग घेतला की आकड्याच्या जागी रेघा दाखवायचा. थांबलो की आकडा परत हजर.

तक्रार नोंदवली आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्यात सापडलो. दर फोनला नवा माणूस, दर वेळी सिरीयल नंबर पहिल्यापासून. एक म्हणाला, "नदीत गाळ असतो, त्यामुळे होतं." अहो, मग बोट उभी असताना तोच गाळ आडवा का येत नाही? दुसऱ्याच्या मते सेटिंग खाऱ्या पाण्याचं असणार. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, समुद्रात थोडा जास्त. त्याने खोलीत दोन-तीन टक्क्यांचा फरक पडेल, आकडा कसा जाईल? एवढं विचारलं की फोन होल्डवर. शेवटी मशीन मागवून घेतलं, ऐन पावसाळ्यात अडकवून ठेवलं आणि "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी लावून परत पाठवलं. ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी ऐकणारा भाग, बोटीला कुठे बसवलाय, हे एकानेही विचारलं नाही. त्या चिठ्ठीचा राग अजून गेलेला नाही.

मग आम्हीच शोधायला बसलो. बोट बांधली, गिअर न्यूट्रलला ठेवून रेस वाढवली. आकडा हलला नाही, म्हणजे इंजिनच्या वायरिंगचा त्रास नव्हता. बोट पळतानाच आकडा जातो, तर ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखाली आवाज अडवणारे हवेचे बुडबुडे येत असणार. बोट ट्रेलरवर घेऊन खाली वाकलो तर उघड दिसलं: डीलरच्या फिटरने तो तळाच्या लांब उंच पट्टीच्या बरोबर मागे ठोकला होता, तोही तळापेक्षा वर. पट्टीवरून सुटणारा फेस सरळ त्याच्यावर.

इंजिनच्या पंख्यापासून लांब, उजव्या बाजूला, जिथे पुढे पट्टी नाही तिथे हलवला. मागून बघता उजवीकडे फिरणाऱ्या पंख्याची पाती त्या बाजूला खाली जातात, म्हणून ती बाजू. तोंड तळाच्या साधारण तीन मिलिमीटर खाली घेतलं. जुनी भोकं मरीन सीलंटने भरा, नाहीतर मागच्या फळीत पाणी मुरतं. फुल थ्रॉटलला आकडा टिकला तेव्हा आम्ही सगळे ओरडलो!

काठाजवळ खोली दुप्पट दिसली तर तो दुसरा प्रतिध्वनी, म्हणजे तळाला दोनदा आपटून आलेला आवाज. सेन्सिटिव्हिटी कमी करा. तोंडावर शेवाळ धरतं, मऊ फडक्याने पुसा. आणि हो, हे सगळं सुरू करण्याआधी दोरीला गवंड्याचा ओळंबा बांधून उभ्या बोटीतून खोली मोजा, आकडा ताडून बघा. केबल लांब वाटली तरी कापू नका, आणि इंजिनच्या वायरींबरोबर बांधू नका.