तोंड नसलेला झार

ऑक्टोबरातली सकाळ होती. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढणं चाललं होतं. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि प्रयोगशाळेसाठी नमुने हवे असले की रापणीवर जाऊन उभी राहते. त्या दिवशी दोर जड लागत होते, त्यामुळे माणसं खुशीत होती. जाळं वाळूवर आलं आणि सगळे गप्प झाले. बांगडा टोपलीभरसुद्धा नव्हता. बाकी सगळा झार, म्हणजे जेलीफिश. पहाटेपासून दोर ओढलेल्या तीसेक माणसांचा वाटा त्या बुळबुळीत ढिगात गेला होता.

एक म्हातारे तात्या झार उलटा करून म्हणाले, "बाय, ह्येका तोंड खंय आसा? तोंडच नाय, मगे खाता काय?"

मी वाकून पाहिलं. छत्रीखाली आठ जाडजूड, झालरीसारखे हात होते आणि मधोमध जिथे तोंड असायला हवं, तिथे खरंच काही नव्हतं. तात्यांनी अचूक पाहिलं होतं. अशा झालरीदार हातांच्या जेलीफिशला लहानपणी एकच तोंड असतं. वाढताना हात एकमेकांना जुळत जातात आणि ते तोंड बुजतं.

बालदीत समुद्राचं पाणी घेऊन एक झार प्रयोगशाळेत आणला. हाताची झालर कापताना माझं मनगट चुरचुरायला लागलं. मेलेल्या जेलीफिशच्या डंखपेशीही फुटतात. गोड्या पाण्याने त्या आणखी फुटतात, म्हणून मनगट खाऱ्या पाण्यानेच धुतलं.

मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. झालरीच्या कडेने बारीक बारीक भोकं होती, एकेक भोक म्हणजे एकेक तोंड. छत्री आकसते-फुलते तसं पाणी या झालरींतून वाहतं. पाण्यातला जीव डंखपेशींनी लुळा पडतो, चिकट स्रावात अडकतो आणि सूक्ष्म केसांच्या हालचालीने तोंडाशी पोचतो. तिथून हातातल्या नळ्यांमधून पोटात. पचलं नाही ते त्याच वाटेने बाहेर.

त्या स्रावात काय काय अडकलं होतं! झिंग्याच्या नात्यातले, टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड, शिंपल्यांच्या अळ्या आणि आत तेलाचा थेंब चमकणारं माशाचं एक गोल अंडं. ते अंडं मी कितीतरी वेळ बघत राहिले. कोपेपॉड हे बांगड्याचंही खाणं. म्हणजे झार जाळ्यातली जागा तर अडवतोच, वर बांगड्याच्या ताटातलं खातो आणि माशांची पुढची पिढीही गिळतो.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक घेऊनच किनाऱ्यावर गेले. होडीच्या सावलीत तो मांडला. तात्यांनी एक डोळा मिटला, दुसरा भिंगाला लावला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"ही सगळी तोंडा?" त्यांनी विचारलं.

"सगळी, तात्यानू."

मग त्यांनी रापणीवरच्या पोरांना एकेक करून हाक मारली.